डॉल्फिन, चिप्पी आणि अवतारांची शिडी

गणेशोत्सवातली असो की नवरात्रातली, नांदेड-लातूरकडच्या व्याख्यानमालेत एक विधान हमखास टाळी घेऊन जाते. विषय कुठलाही असू द्या, वक्ता दशावतारावर येतो आणि सांगतो की डार्विनने १८५९ साली जे मांडले ते आपल्या पूर्वजांनी कितीतरी आधी सांगून ठेवले होते. आधी पाण्यातला मत्स्य, मग पाणी आणि जमीन दोन्हीकडे वावरणारा कूर्म, मग जमिनीवरचा वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस असा नरसिंह, मग वामन, मग परशू हाती घेतलेला, मग धनुष्य हाती घेतलेला. जीवसृष्टी पायरी पायरीने पाण्यातून जमिनीवर आणि जमिनीवरून माणसापर्यंत चढत आली, तीच ही मालिका. समोर शिक्षक बसलेले असतात, डॉक्टर असतात, नीटच्या तयारीला लागलेली मुले असतात. सगळ्यांना ते पटते, कारण शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यातही हीच चढण काढलेली असते. खाली शेवाळ आणि मासे, मधे बेडूक, वर माकड आणि सर्वांत वर माणूस.

हे मत मला खोडून काढायचे आहे. त्यासाठी दोन साक्षीदार बोलावतो. दोघेही कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी राहतात: एक डॉल्फिन आणि दुसरे पांढऱ्या चिप्पीचे झाड.

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, दुबळी करून नव्हे. पाठीचा कणा असलेले सगळे जमिनीवरचे प्राणी मूळच्या माशांपासून आले, हे खरेच आहे. कॅनडाच्या उत्तर टोकाला २००४ साली सापडलेला टिक्टालिक हा सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा मासा. त्याच्या परात मनगटाची हाडे होती आणि त्याला मान होती. वनस्पतीही पाण्यातल्या हिरव्या शैवालांपासूनच जमिनीवर आल्या. म्हणजे पाण्याकडून जमिनीकडे एक मोठी वाट गेली आहे, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पावलाचा. ती वाट एकच, ती वर जाणारी, आणि जे आज पाण्यात आहेत ते मागे राहिलेले, असा जो अर्थ काढला जातो तो चूक आहे.

या जुळवणीचे वयही पाहून घ्यावे. दशावतार आणि उत्क्रांती यांची सांगड मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात घातली आणि १८८२ साली केशवचंद्र सेन यांनी एका व्याख्यानात ती पुन्हा मांडली. डार्विनच्या ग्रंथानंतरची ही गोष्ट आहे. खुद्द परंपरेत अवतारांचा क्रम असा पक्का नाही. शतपथ ब्राह्मणात मनूला वाचवणारा मासा विष्णूचा अवतार म्हणून येत नाही. महाभारताच्या वनपर्वात तो स्वतःला ब्रह्मा म्हणवतो. विष्णूचा मत्स्यावतार म्हणून तो स्थिरावतो पुराणांत. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतार सांगितले आहेत आणि तिथे वराह दुसरा आहे, मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत आणि पंचांगांत नवव्या जागी विठ्ठल उभा असतो. अवतार कशासाठी होतो ते गीतेने स्पष्ट सांगितले आहे: धर्माची ग्लानी दूर करण्यासाठी. जीवांची वंशावळ सांगणे हे त्या कथांचे कामच नव्हे. त्यांना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मिळवून देण्याच्या खटपटीत आपण कथेचा अर्थ गमावतो आणि विज्ञानही चुकीचे शिकवतो. भागवतात वराह मत्स्याच्या आधी आहे म्हणून भागवतकारांना व्हेलचा खुरवाल्या प्राण्यांतला उगम ठाऊक होता, असे उद्या कोणी म्हटले तर तेही तितकेच निराधार ठरेल. पण दहाच्या क्रमाला टाळी वाजवणाऱ्याने बाविसाच्या क्रमाचे काय करायचे ते सांगितले पाहिजे.

आता पहिला साक्षीदार. दाभोळ, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात किनाऱ्याला धरून जो डॉल्फिन दिसतो तो बहुधा पाठीवर उंचवटा असलेला, हिंद महासागराच्या काठाकाठाने दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंत राहणारा. खोल समुद्रात तो सहसा जात नाही. उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे ही त्याची जागा. जगभरात त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. होडीतून त्याला जवळून पाहिले तर पहिली गोष्ट ऐकू येते ती श्वास. डोक्यावरची नाकपुडी उघडते, जोराचा फुसकारा येतो, लगेच आत हवा ओढली जाते आणि स्नायूंच्या झडपेने नाक बंद होते. समुद्रात जन्मलेला, समुद्रात मरणारा हा प्राणी पाण्यातला प्राणवायू घेऊ शकत नाही. दर काही मिनिटांनी त्याला वर यावेच लागते. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, डॉल्फिन वर-खाली. ही वर-खालीची लय धावणाऱ्या चतुष्पादाच्या कण्याची आहे. परात आपल्यासारखीच दंडाची, हाताची आणि बोटांची हाडे आहेत. गर्भाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि विरून जातात. पिलू दूध पिते. ॲरिस्टॉटलने हे ओळखले होते, तरी युरोपात कितीतरी शतके हे प्राणी मासेच मानले गेले. लिनीयसने त्यांना सस्तनांत घातले ते १७५८ साली.

हा प्राणी जमिनीवरून समुद्रात गेला, आणि गेला तो आपल्याच उपखंडाच्या काठावरून. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांतून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षे न फोडता पडून होते. त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसेन या अभ्यासकाच्या हाती दिले. त्यातली एक कवटी साफ करताना तुटली आणि कानाच्या हाडाची एक बाजू विलक्षण जाड असल्याचे उघडे पडले. तशी जाड भिंत व्हेल-डॉल्फिनांच्या कानाची खूण मानली जाते. प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांवर चालणारा, खुरांच्या गटातला. इंडोह्यूस हे त्याचे नाव, काळ सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. पायांची हाडे जड, म्हणजे पाण्यात पाय टेकवून चालण्याच्या कामाची. सुनील बाजपेयी आणि बी. एन. तिवारी हे भारतीय अभ्यासक सहलेखक असलेला हा शोध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छच्या खडकांतून व्हेलच्या आदिम रूपांचे अवशेष उजेडात आणले होते. रेणूंच्या पुराव्यावरून व्हेल-डॉल्फिनांचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक ठरतो तो पाणघोडा. डुक्कर, हरीण, गाय हेही त्याच खुरवाल्यांच्या मोठ्या घराण्यातले. म्हणजे शिडीच्या भाषेत बोलायचे तर वराहाच्या पायरीवर पोचलेल्या घराण्यातली एक शाखा पाण्यात उतरली आणि तिथेच नांदली.

दुसरा साक्षीदार मुका असला तरी त्याची साक्ष अधिक मोलाची आहे, कारण शिडीवाल्यांनी त्याला तळाशी बसवले आहे. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. भरतीच्या पाण्याला सर्वांत आधी सामोरे जाणाऱ्या कांदळवनाच्या पुढच्या रांगेत हे झाड उभे असते. फूल संध्याकाळी उमलते, आत पांढऱ्या पुंकेसरांचा दाट झुबका, रात्री वटवाघळे आणि पतंग त्यावर येतात, आणि सकाळपर्यंत झुबका पाण्यात गळतो. मागे राहते ते चांदणीसारख्या जाड निदलपुंजावर बसलेले हिरवे फळ. फूल आणि फळ ही दोन्ही जमिनीवरची कमाई आहे. शैवालाला फूल नसते. समुद्रात जी फुलझाडे आहेत ती सगळी जमिनीवरून तिकडे गेलेली. चिप्पी, तिवर, कांदळ ही काठावर थबकलेली, आणि समुद्रगवत तर पार पाण्याखाली राहायला गेलेले.

चिप्पीच्या खोडाभोवतीच्या चिखलातून शेकडो टोकदार मुळे वर आलेली दिसतात. जमिनीतली मुळे खाली जातात, ही वर येतात, कारण खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. डॉल्फिनने नाक डोक्यावर नेले, चिप्पीने मुळे वर काढली. दोघांनाही हवा हवी. पाण्यातून ती घेण्याची सोय दोघांनाही परत मिळाली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: प्राण्याची आणि झाडाची तुलना कशी करता? नाक आणि मूळ यांचे मूळच वेगळे. बारावीच्या पोरालाही ठाऊक आहे की व्हेलचा पर आणि चित्त्याचा पाय यांचे मूळ एक आहे, तर पेंग्विनचा आणि डॉल्फिनचा पर नुसते कामाने सारखे. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नमध्ये हा एका गुणाचा प्रश्न आहे आणि आमची मुले तो चुकत नाहीत. आक्षेप बरोबर आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. नाक आणि मूळ यांचे मूळ एक आहे असे मी म्हणतच नाही. मूळ वेगळे असूनही अडचण एक, आणि ती सोडवण्याची रीत इतकी जवळची, यातच तुलनेचे सगळे मोल आहे. एकाच शिडीच्या दोन पायऱ्यांवरचे जीव असे वागले नसते. वेगवेगळ्या घराण्यांतून आलेले, वेगवेगळे सामान घेऊन एकाच ठिकाणी उतरलेले जीवच असे वागतात.

ही तुलना माझी लहर नाही, हे दाखवायला एकच नाव पुरे आहे. पेर शोलांडर, जन्म १९०५. नॉर्वेत वैद्यकाची पदवी घेतली, मग वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट. १९४० साली त्यांनी बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या श्वसनावर ग्रंथ लिहिला: बुडी मारताच हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्त मेंदूसारख्या, ज्यांना थांबून चालत नाही अशा अवयवांकडे वळवले जाते, स्नायूंना थांबावे लागते. तोच माणूस १९५० च्या दशकात कांदळवनाच्या चिखलात उतरला. मुळांवरची हवेची बारीक छिद्रे त्याने ग्रीस लावून बुजवली आणि आतला प्राणवायू झपाट्याने घटताना मोजला. भरतीत मूळ बुडाले की आतला प्राणवायू वापरला जातो, आतला दाब उतरतो. ओहोटीला छिद्रे उघडी पडताच हवा आत ओढली जाते. दिवसातून दोनदा भरती, म्हणजे झाडाच्या मुळांना दिवसातून दोनदा बुडी. पुढे १९५९ मध्ये त्यांनी बोटीपुढच्या लाटेवर स्वार होणाऱ्या डॉल्फिनांवर लिहिले आणि १९६० च्या दशकात पुन्हा कांदळवृक्षांच्या रसाकडे वळले. सील आणि तिवर यांना एकाच प्रश्नाच्या दोन बाजू मानणाऱ्या या माणसाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आले पाहिजे. प्राणिशास्त्र एका खोलीत आणि वनस्पतिशास्त्र दुसऱ्या खोलीत, अशा आपल्या महाविद्यालयीन व्यवस्थेत शोलांडर घडणे अवघड आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

शोलांडरांचे रसावरचे काम तर मराठवाड्याच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आले, ते दिवस इथे कोणी विसरलेले नाही. पाण्याच्या टंचाईचे शास्त्र आम्हाला अंगाने कळते. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून गोडे पाणी ओढून घ्यायचे तर साधारण पंचवीस वातावरणांच्या दाबावर मात करावी लागते. शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की कांदळवृक्षांच्या खोडातला रस त्याहूनही जास्त ताणाखाली असतो. त्या ताणाने पाणी आत येते आणि बहुतेक मीठ मुळाशीच अडते. तिवर तर उरलेले मीठ पानावर आणून टाकते. उन्हात त्याच्या पानावर मिठाचे कण चमकतात आणि जिभेला लागतात. चिप्पीची पाने जाड, मांसल, पाणी साठवणारी. भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभे असलेले हे झाड शरीररचनेने अवर्षणातले झाड आहे. डॉल्फिनचीही तीच गत. तो समुद्राच्या पाण्यावर तहान भागवत नाही. पाणी मिळते ते खाल्लेल्या माशांच्या अंगातले आणि अन्नाच्या ज्वलनातून शरीरात तयार होणारे. मूत्रपिंड शेकडो छोट्या पिंडांचे मिळून बनलेले, क्षार बाहेर टाकायला सज्ज. समुद्र म्हणजे मुबलकता आणि मराठवाडा म्हणजे तुटवडा ही आपली समजूत या दोन जीवांना लागू पडत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे.

दुसरा आक्षेप जरा हळवा असतो. ते परतले, आपल्या मूळ घरी गेले, असे म्हटले जाते. वाक्य कानाला गोड, पण खोटे. घरी परतणारा जुने काही परत मिळवतो. डॉल्फिनला कल्ले मिळाले नाहीत. बेल्जियमचे लुई डोलो यांनी १८९३ साली मांडले ते हेच: उत्क्रांतीत गमावलेला गुंतागुंतीचा अवयव जसाच्या तसा परत येत नाही. चिप्पीच्या बाबतीत तर घर हा शब्दच चुकतो. जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जवळचे शैवाल-नातेवाईक गोड्या पाण्यातले आहेत. चिप्पीच्या पूर्वजांनी समुद्र सोडला आणि ते पुन्हा समुद्रात गेले, असा सरळ हिशेब तिथे बसत नाही.

तिसरा आक्षेप बचावाच्या रूपात येतो: डॉल्फिन हुशार आहे, मेंदू मोठा, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतो, मग तो वरच्या पायरीवरच ठेवू. हे मी मान्य करणार नाही. तसे केले तर शिडी तशीच राहते, फक्त एका भाडेकरूची खोली बदलते. मेंदूच्या मापाने चिप्पी मोजली तर ती शून्य ठरेल, आणि भरतीच्या माऱ्यात शंभर वर्षे एका जागी उभे राहण्याच्या मापाने डॉल्फिन शून्य ठरेल. माप निवडणारा माणूस असतो आणि तो स्वतः पहिला येईल असेच माप निवडतो. डार्विनच्या विचारात वर-खाली नाही, फांद्या आहेत.

त्या फांद्या आपल्या दारापर्यंत येतात. चिप्पी ज्या कुळात मोडते त्याच कुळात राज्यपुष्प ताम्हण आहे, मेंदी आहे, डोंगरउतारावरची धायटी आहे आणि डाळिंब आहे. लातूर-नांदेडच्या कोरडवाहू पट्ट्यात ठिबकवर वाढवलेले डाळिंब हाती घ्या. त्याच्या डोक्यावर जो जाड मुकुट असतो तो फुलाचा निदलपुंज. चिप्पीच्या फळाला तोच बुडाशी, चांदणीच्या आकाराचा. दोन्हीकडे चामड्यासारखा जाड, दोन्हीकडे फूल गळल्यावरही टिकणारा. याच कुळातला शिंगाडा तळ्याच्या गोड्या पाण्यात वाढतो. एक भावंड खाऱ्या चिखलात, एक गोड्या तळ्यात, एक मुरमाड रानात. यांतले कोण वरच्या पायरीवर, हे सांगण्याची कोणाची तयारी आहे?

डॉल्फिनच्या नातलगाचा माग तर नदीतच आहे. गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या थरांत हिमयुगाच्या काळातले मोठे सस्तन प्राणी जीवाश्मरूपाने सापडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यावर अनेक वर्षे काम केले आहे. रानटी हत्ती आणि रानबैलांबरोबर त्या काळी या खोऱ्यात पाणघोडाही होता. भारतातून तो नाहीसा झाला, आफ्रिकेत त्याचे भाऊबंद उरले. आणि पायाखालचा काळा पाषाण? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्ह्याने नांदेड-लातूरची भूमी घडली, त्याच लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे, निपा या खाडीकाठच्या ताडाची अश्मीभूत फळे मिळाली आहेत. आज हा ताड सुंदरबनाच्या दलदलीत वाढतो. डॉल्फिनचा पूर्वज अजून पाण्यात उतरलाही नव्हता, तेव्हा फुलझाडांनी खाऱ्या पाण्याचा काठ गाठला होता. तक्त्यात तळाशी काढलेल्यांनी.

तरीही कोणी विचारेल, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसून मराठवाड्याने याचे काय करायचे? मांजरा आमची नदी, ती कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. नांदेडच्या घाटावरून जाणारी गोदावरी पुढे आंध्रात बंगालच्या उपसागराला भेटते, तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगाचे कांदळवन आहे, देशातल्या मोठ्या कांदळवनांपैकी एक. तिवर आहे, चिप्पीची बहीण आहे, आणि ती सगळी गोदावरीने आणलेल्या गोड्या पाण्यावर आणि गाळावर उभी आहेत. जायकवाडी, विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर अशा एकामागून एक अडवणुकींत हा गाळ थांबतो आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. धरणे बांधू नयेत असे लातूरचा माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण गोदावरी खोऱ्याच्या पाणीवाटपाचा तंटा जेव्हा जेव्हा उठतो, तेव्हा समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले, हे वाक्य सर्व पक्षांच्या तोंडी असते. ते वाक्यही त्या शिडीवरूनच आले आहे: समुद्र म्हणजे मागे टाकलेली पायरी, तिकडे जाणारे सगळे फुकट. विष्णुपुरीच्या दरवाजातून सुटलेल्या पाण्याचा जो वाटा कोरिंगापर्यंत पोचतो, त्यावर तिवराची मुळे आणि बोईसारख्या माशांची पिले जगतात. तो वाटा हिशेबात धरला पाहिजे.